एपिसोड ३७ : ६७६ वेळा ‘हो’

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा बसमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय खरं तर ऑफिसचा आहे. झेपत नसताना कामं अंगावर घेणं, आणि त्यानं आपल्या शब्दाची किंमत कशी उतरते, हा. पण आपण इथं इतिहास सांगतो, म्हणून ऑफिस जरा मोठं निवडलंय. भारतीय रेल्वे.

आधी माझं सांगते, म्हणजे हा भाग का केला ते कळेल. मागच्या वर्षी मी ऑफिसात एकाच महिन्यात चार कामांना ‘हो’ म्हटलं. चारही कामं माझ्या आवडीची होती, चारही माणसं चांगली होती, आणि प्रत्येक वेळी मला खरंच वाटलं होतं की जमेल. नाही जमलं. दोन उशिरा गेली, एक अर्धवट गेलं, चौथं दुसऱ्या कुणीतरी संपवलं. कुणी रागावलं नाही हो. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी म्हणाले, “गुरुवारपर्यंत देते.” समोरच्या ताईंनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं : सोमवार. वही माझ्या बाजूला होती. मला दिसलं.

त्या ‘सोमवार’वर मी दोन महिने विचार करत होते.

मग दिवाळीला गावी गेले. आमचं गाव नरखेड तालुक्यातलं, नागपूर जिल्ह्याच्या पार वायव्य टोकाला. एका बाजूला मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, दुसऱ्या बाजूला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातलं वरूड. सगळा संत्र्याचा पट्टा. काकाजींसोबत बागेत चक्कर मारताना मी त्यांना हे सगळं सांगितलं, वहीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू तं पोरी दोन्ही बहार धरून बसली.”

ज्यांना संत्रं फक्त सोलायचं माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं समजावते. नागपुरी संत्र्याला आमच्याकडे मुख्य बहार दोन. आंबिया बहाराची फुलं हिवाळा संपता संपता येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे उतरायला लागतं. मृग बहाराची फुलं पावसाळ्याच्या सुरुवातीला येतात, फळ पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. शेतकरी यातला एक धरतो. तो धरायचा म्हणजे आधी झाडाला ‘ताण’ द्यायचा : पाणी तोडायचं, झाड जरा सुकू द्यायचं, मग पाणी सोडायचं की फुलं फुटतात. झाडाला सोडून दिलं तर ते थोडं या बहाराला फुटतं, थोडं त्या बहाराला. लोभी माणूस दोन्ही ठेवतो. काकाजींच्या भाषेत, “फळ बी बारीक राह्यते, अन् झाड बी खल्लास होते.” झाडाला ‘नाही’ म्हणता येत नाही. ते काम बागवाल्याचं.

त्याच संध्याकाळी घरी गप्पा रेल्वेवर आल्या. आमच्या घरात कुठल्याही गप्पा शेवटी रेल्वेवर येतात, कारण नरखेडची ओळखच स्टेशनची. आणि तिथं मला या भागाचा विषय सापडला.

नरखेड हे नागपूर-इटारसी मार्गावरचं स्टेशन. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता आहे हा, रात्रभर गाड्या धडधडत जातात, त्यातल्या बऱ्याच आमच्याकडे बघतही नाहीत. आता नकाशा उघडा मोबाइलवर. नरखेडहून अमरावती बघा. सरळ नैर्ऋत्येला, मध्ये वरूड, मोर्शी, चांदूर बाजार. सगळी संत्र्याची गावं. पण कित्येक दशकं रेल्वेनं अमरावतीला जायचं तर आधी नागपूर, मग वर्धा, मग बडनेरा असा पूर्ण वळसा. म्हणून नरखेड ते अमरावती अशी सुमारे १३८ किलोमीटरची नवी लाइन मंजूर झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. पूर्ण मार्ग सुरू व्हायला २०१० उलटून गेलं.

भागाकार करून बघा. वर्षाला सरासरी सात-आठ किलोमीटर. सकाळी फिरायला जाणारा माणूस एवढं अंतर एका दिवसात चालतो.

आमच्या घरात तेव्हा उशीर होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ‘अमरावतीची लाइन’ म्हणायचे. शिंप्यानं कपडे दिले नाहीत, अमरावतीची लाइन. पोराचं लग्न ठरत नाही, अमरावतीची लाइन. मी लहान असताना मला तो वाक्प्रचारच वाटायचा. ती खरोखरची लाइन आहे आणि रूळ खरोखर टाकले जातायत, हे मला बरंच नंतर कळलं.

आता इथं सोपं उत्तर असं की सरकारी काम आहे, असंच चालायचं. मलाही आधी तेच वाटलं. पण वाचायला बसले तर चित्र वेगळं निघालं. मुख्य अडचण आळसाची नव्हती. अडचण होती ‘हो’ची.

८ जुलै २०१४. नवीन सरकार आलेलं, सदानंद गौडा रेल्वेमंत्री, लोकसभेत रेल्वे अर्थसंकल्प मांडतायत. त्या भाषणात त्यांनी काही आकडे दिले. हळू सांगते, कारण माझ्या मते हे आकडे प्रत्येक नोकरदारानं ऐकायला हवेत. मागच्या ३० वर्षांत रेल्वेनं ६७६ प्रकल्प मंजूर केले होते. एकूण किंमत १,५७,८८३ कोटी रुपये. त्यातले पूर्ण झाले ३१७. उरले ३५९. आणि उरलेले पूर्ण करायला लागणार होते १,८२,००० कोटी.

परत बघा. सगळ्या ६७६ प्रकल्पांची मिळून किंमत दीड लाख कोटींच्या थोडी वर. जवळजवळ निम्मे करून झाले. आणि उरलेल्या निम्म्यांची किंमत मूळ पूर्ण यादीपेक्षा जास्त! कर्जाचे हप्ते भरत राहावं आणि मुद्दल वाढत जावं, तसं.

पुढचं ऐका. आधीच्या १० वर्षांत नव्या लाइनचे ९९ प्रकल्प मंजूर झाले होते, ६०,००० कोटींचे. पूर्ण झालेला एक. नव्याण्णवांतला एक. चार प्रकल्प तर ३० वर्षं जुने होते आणि तरी अपुरे. आणि हे सगळं करायला पैसा कुठून, तर रेल्वेला मिळणाऱ्या दर रुपयातले ९४ पैसे रोजचा गाडा हाकण्यातच जात होते. हातात उरायचे ६ पैसे.

गौडा असंही म्हणाले की नवे प्रकल्प जाहीर करून मलाही सभागृहात टाळ्या मिळवता आल्या असत्या, पण अडचणीत असलेल्या या संस्थेवर तो अन्याय ठरेल. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी रोगाचं मूळ नेमकं सांगितलं. टाळ्या. ‘हो’ म्हटल्याच्या क्षणी टाळ्या मिळतात, बिल नंतर येतं आणि तेव्हा बहुतेक वेळा खुर्चीवर दुसराच माणूस असतो. ऑफिसात वाईट एवढंच की बिल आलं तरी खुर्चीवर आपणच असतो.

बरं, मंजूर करायला किती पैसे लागायचे? त्या दिवशी जवळपास काहीच नाही. पहिल्या वर्षी नावापुरती तरतूद केली की प्रकल्प यादीत आला. सर्वेक्षण झालं, भूमिपूजन झालं, नारळ फुटला. मग दरवर्षी उपलब्ध पैसा शेकडो प्रकल्पांत वाटायचा. पंगतीला शंभर पानं मांडली आणि भात दहा जणांचा शिजवला की काय होणार? प्रत्येकाच्या पानात एक घास. उपाशी कुणीच नाही, आणि जेवलंही कुणीच नाही.

याचा हिशेब मी काकाजींना कागदावर मांडून दाखवला, तुम्हीही मांडा, फार सोपा आहे. समजा दहा कामं आहेत, प्रत्येकाला दहा रुपये लागतात, आणि वर्षाला तुमच्याकडे दहाच रुपये येतात. एकामागून एक केलीत तर पहिलं काम पहिल्या वर्षी संपतं, दुसरं दुसऱ्या, शेवटचं दहाव्या वर्षी. सरासरी वाट बघायची साडेपाच वर्षं. आता सगळ्यांना खूश ठेवायला दरवर्षी प्रत्येकाला एक-एक रुपया दिलात. मग दहाही कामं संपतात कधी? दहाव्या वर्षी. सगळीच. म्हणजे शेवटच्या माणसाचा फायदा शून्य, तो दोन्हीकडे दहा वर्षंच थांबला. बाकी नऊ जणांचं नुकसान. आणि यात महागाई धरलेली नाही. ती धरली तर दहा रुपयांचं काम दहा वर्षांनी दहा रुपयांत होत नाही, म्हणजे अकरावं, बारावं वर्षही उजाडतं.

रेल्वेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अर्धी लाइन अर्धं उत्पन्न देत नाही. नदीवरचा पूल ७० टक्के झाला म्हणून त्यावरून ७० टक्के गाडी जात नाही. जमीन घेतलेली, भराव टाकलेला, पुलाचे खांब उभे, त्यावर झुडपं उगवलेली. खर्च झालेला आहे आणि आवक शून्य. माझ्या लॅपटॉपमधल्या चार अर्धवट फायली मला तेव्हा डोळ्यांपुढे आल्या.

आता थोडं मागे जाऊया, कारण या गोष्टीत एक विचित्र वळण आहे.

पहिल्या महायुद्धानंतर इथली रेल्वे मोडकळीला आली होती. पूल, रूळ, इंजिनं बदलायची तारीख उलटून गेलेली. तेव्हा सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९२१ चा. सदस्यांत श्रीनिवास शास्त्री, पुरुषोत्तमदास ठाकूरदास असे भारतीयही होते. समितीनं दुखणं असं सांगितलं की रेल्वेचा पैसा सरकारच्या सामान्य खजिन्यातून वर्षा-वर्षाच्या हिशेबानं येतो. एका वर्षी मिळतो, पुढच्या वर्षी कापला जातो. अशानं पाच वर्षांचं काम कुणी आखूच शकत नाही. उपाय म्हणून रेल्वेचे पैसे वेगळे करा, असं समितीनं सुचवलं. १९२४ मध्ये तसं झालं आणि वेगळ्या रेल्वे अर्थसंकल्पाची प्रथा सुरू झाली.

म्हणजे बघा, रेल्वेला आपला शब्द पाळता यावा म्हणून तिला वेगळा अर्थसंकल्प दिला. आणि पुढे त्याच अर्थसंकल्पाचा दिवस देशातला सगळ्यात मोठा आश्वासनांचा दिवस झाला! माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, फेब्रुवारीत घरी टीव्हीसमोर सगळे बसायचे. आपल्याकडे कुठली गाडी, कुठला थांबा, कुठली लाइन. मंत्री ज्या राज्याचा त्या राज्याला गाड्या, ही तक्रार दरवर्षीची. खासदार मागणार, मंत्री देणार. वेगळं व्यासपीठ मिळालं की वेगळ्या टाळ्या मिळतात, एवढंच याचं कारण असावं असं मला वाटतं.

आपल्याच राज्यातल्या दोन लाइन सांगते. अहमदनगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५-९६ ची. आष्टीपर्यंत प्रवासी गाडी पोहोचली सप्टेंबर २०२२ मध्ये. खुद्द बीड शहरात गाडी आली सप्टेंबर २०२५ मध्ये. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर तिशीला आलं. दुसरी आमच्या विदर्भातली, वर्धा-यवतमाळ-नांदेड. २००८-०९ ची मंजुरी, आणि पहिला टप्पा, वर्धा ते कळंब, सुरू झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये.

बीडच्या लोकांना त्या तीस वर्षांत ‘यंदा येणार’ असं किती वेळा सांगितलं गेलं असेल याचा विचार करा. विश्वास एकदम जात नाही. पहिल्यांदा लोक पेढे वाटतात. मग बातमी वाचतात. मग बातमी वाचून हसतात. मग वाचतच नाहीत. आमच्या घरचा ‘अमरावतीची लाइन’ हा शब्द त्या तिसऱ्या पायरीवरचा आहे. आणि वहीतला ‘सोमवार’ दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी.

आता तुम्ही म्हणाल, मग मंजूरच करायचं नव्हतं ना. थांबा. इथं माझं आणि काकाजींचं भांडण झालं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

मी म्हणाले, एका वेळी एक लाइन घ्यायची, पूर्ण करायची, मग दुसरी. ते म्हणाले, “अन् पयली कोनाची? तुही?” उत्तर नव्हतं माझ्याकडे. एकामागून एक करायचं ठरवलं असतं तर रांग कुणी लावली असती? ज्यांचं दिल्ली-मुंबईत वजन, त्यांनी. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष हा काही आमच्या मनाचा खेळ नाही. वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये तो आकड्यांत मोजून दाखवला होता. अशा भागासाठी यादीत नाव असणं, नावापुरती तरतूद असणं, हाच हातातला एकमेव कागद असतो. आज ना उद्या पैसे आले तर यादीतल्यालाच मिळणार. काकाजींच्या मते उशिरा आली पण अमरावतीची लाइन आली, आणि ती आली कारण कुणीतरी तेव्हा ‘हो’ म्हटलं होतं.

हे खरं आहे. ऑफिसातही नव्या माणसाला ‘नाही’ म्हणायची चैन नेहमी परवडत नाही. कंत्राटावरचा मुलगा, प्रोबेशनवरची मुलगी, त्यांना माहीत असतं की आज नकार दिला तर उद्या विचारणारच नाहीत. ‘नाही म्हणायला शिका’ असे रील बनवणारे लोक हे सोयीस्करपणे विसरतात. म्हणून मला नुसत्या ‘हो’ किंवा ‘नाही’पेक्षा यादीची लांबी महत्त्वाची वाटायला लागली. ३५९ कामं चालू असताना ३६०वं घेणारा माणूस आधीच्या ३५९ लोकांना न विचारता त्यांच्या पानातला घास उचलतोय.

आता दुसरी बाजू. शब्द कसा पाळला जातो याचंही उदाहरण रेल्वेतच आहे.

डिसेंबर १९६४. रामेश्वरमला भयंकर चक्रीवादळ आलं. धनुष्कोडीजवळ अख्खी पॅसेंजर गाडी लाटांनी गिळली. पांबनचा समुद्रावरचा पूल उद्ध्वस्त झाला. रेल्वेनं दुरुस्तीला मुदत ठरवली सहा महिने. ज्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम होतं त्यांनी ती तीन महिन्यांवर आणली. काम दिलं बत्तीस वर्षांच्या एका इंजिनिअरला, नाव ई. श्रीधरन. त्यांनी पूल ४६ दिवसांत उभा केला. ही गोष्ट सगळे सांगतात, व्हॉट्सॲपवर तर दर आठवड्याला येते, आणि ऐकून असं वाटतं की हुशार माणूस म्हणजे असा विक्रम करणारा. पण मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. त्या ४६ दिवसांत त्यांच्याकडे एकच काम होतं.

पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, श्रीधरन त्याचे प्रमुख. रोहा ते मंगळूर, ७४१ किलोमीटर. सुमारे दोन हजार पूल, नव्वदहून अधिक बोगदे. कोकणात रेल्वे यावी म्हणून मधू दंडवते यांच्यासारख्या माणसांनी कित्येक वर्षं घालवली होती. महामंडळात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळचा. उरलेला पैसा रोख्यांतून उभा केला. म्हणजे या कामाचे पैसे याच कामाचे, ते बाकी शेकडो प्रकल्पांच्या पंगतीत वाढले जात नव्हते. आश्वासन पाच वर्षांचं होतं.

आणि ते चुकलं. हे लोक सांगत नाहीत. गोव्यात मार्गावरून वाद झाला, काम थांबलं. पेडण्याच्या बोगद्यात माती इतकी ओली आणि मऊ की खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं. दीड किलोमीटरच्या आसपासचा बोगदा, पण त्यानं वर्षानुवर्षं खाल्ली. पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. पाच वर्षांच्या जागी साडेसात.

तरी श्रीधरन यांच्या शब्दाला त्यानंतर धक्का लागला नाही, उलट दिल्ली मेट्रो त्यांच्याकडेच होती आणि तिचा पहिला टप्पा २००५ मध्ये ठरल्या वेळेआधी झाला. का लागला नाही? मला वाटतं, कारण उशीर कुठे अडलाय हे कुणालाही बोट ठेवून दाखवता येत होतं. पेडण्याचा बोगदा. नाव आहे, जागा आहे, माती आहे. बाकी सातशे किलोमीटर डोळ्यांपुढे वाढत होते. आमच्या लाइनचा उशीर कशानं होतोय हे आमच्या घरात कुणीच सांगू शकत नव्हतं. वर्षाला शंभर किलोमीटर तिकडे सह्याद्री फोडून, आणि सात-आठ इकडे संत्र्याच्या बागांमधून. तुलना पूर्ण न्याय्य नाही, मान्य. पण फरक डोंगराचा नव्हता हे तर उघड आहे.

आता शेवटचं पात्र, आणि हे मला जरा गुंतागुंतीचं वाटतं. सुरेश प्रभू. कोकणातले, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. गौडांनंतर नोव्हेंबर २०१४ मध्ये रेल्वेमंत्री झाले. २६ फेब्रुवारी २०१५ ला त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्यात नवी गाडी एकही नव्हती. अनेक वर्षांत असं घडलं नव्हतं. सोबत श्वेतपत्रिका ठेवली, रेल्वेची खरी अवस्था सांगणारी. सभागृहात निराशा, घरोघरी निराशा. आमच्याकडे टीव्ही बंद झाला आणि काकाजी म्हणाले होते, “हिशोबनीस बसवला खुर्चीवर.” कौतुकानं म्हणाले की टोमणा मारला, हे मी त्यांना या दिवाळीत विचारलं. म्हणाले, “दोन्ही.”

पण त्याच भाषणात पाच वर्षांत साडेआठ लाख कोटींच्या गुंतवणुकीचा आराखडाही होता. म्हणजे गाड्यांचं आश्वासन थांबवलं आणि पैशाचं दिलं. हिशेबनिसालाही टाळ्यांचा मोह पूर्ण सुटत नाही, असं मी म्हणेन. प्रभूंच्या काळातली मला आवडलेली गोष्ट छोटी आहे : प्रवाशानं ट्विटरवर लिहायचं की डब्यात तान्हं बाळ आहे, दूध हवं, आणि पुढच्या स्टेशनवर दूध यायचं. पुष्कळांनी त्याची थट्टा केली, मंत्र्यानं दूध वाटत बसायचं का म्हणून. पण वर्षानुवर्षं ‘येणार, येणार’ ऐकलेल्या लोकांना रेल्वेनं काहीतरी म्हटलं आणि तासाभरात केलं, हा अनुभव नवा होता.

ऑगस्ट २०१७ मध्ये चार दिवसांत दोन अपघात झाले, उत्तर प्रदेशात खतौलीला आणि औरैयाला. प्रभूंनी नैतिक जबाबदारी घेतली, सप्टेंबरमध्ये त्यांचं खातं बदललं. त्याच वर्षी रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही संपला होता, तो सामान्य अर्थसंकल्पात विलीन झाला. १९२४ पासूनची ९२ वर्षांची प्रथा. त्यानंतर रेल्वेला सरकारकडून मिळणारा भांडवली पैसा कित्येक पटींनी वाढला, आणि बीडला गाडी पोहोचली त्यात त्या पैशाचा वाटा मोठा आहे. तेव्हा सगळं श्रेय संयमाला देऊ नका. हात आखडला आणि भातही जास्त शिजवला, दोन्ही झालं.

भाऊबीज झाल्यावर मी परत निघाले. रात्री बारा वाजता गाडीत फोनवर यादी केली, ‘मंजूर’ आणि ‘चालू’ अशा दोन रकान्यांची. कामाला लागल्यापासून मी कुणाकुणाला काय काय कबूल केलंय. ऑफिसातलं, मैत्रिणींचं, चुलत बहिणीच्या बायोडाटाचं, या पॉडकास्टच्या तीन पाहुण्यांचं. बत्तीस निघाली. ‘चालू’च्या रकान्यात चार. बायोडाटा तर दीड वर्षापूर्वीचा होता, त्या पोरीला मध्ये नोकरीही लागून गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा जणांना मेसेज केला की हे माझ्याकडून होणार नाही. भीती वाटत होती. सात जणांनी लगेच ‘ठीक आहे’ लिहिलं, तिघांना मी काही कबूल केलं होतं हेच आठवत नव्हतं, आणि एकजण खरंच चिडला. त्याचं चिडणं बरोबर होतं, तो माझ्यामुळे थांबला होता. त्याचं काम मी आधी केलं.

परवा मीटिंग होती. आता माझ्याकडे दोनच कामं आहेत. एकाबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, “बुधवारी देते, आणि अडलं तर सोमवारीच सांगते कुठे अडलंय ते.” ताईंनी वही उघडली. मी मान जरा लांब केली.

शुक्रवार लिहिलं होतं.